शेळीवर काढलेला रणगाडा

माझा धाकटा चुलता कडुबाकाका फौजेत होता तेव्हा आमच्या घरी लढाई पोस्टकार्डावरून यायची, आणि दर कार्डावर एक शेळी असायची. हे मी आज कुणाला सांगितलं की ऐकणारा आधी हसतो आणि मग सावध होऊन विचारतो, शेळी म्हणजे कुणाचं टोपणनाव होतं का. टोपणनाव वगैरे काही नाही. चार पायांची, दाढीवाली, डावं शिंग अर्ध्यात मोडलेली शेळी. काका कार्डाच्या मागच्या बाजूला शिसपेन्सिलीने चित्र काढायचा, आणि चित्र कशाचंही असो, त्यात कुठेतरी ती असायचीच. खेचरांच्या रांगेत शेळी, तंबूच्या दोरीपाशी शेळी, आणि जिथे माणसाला चार हातापायांवर चढावं लागतं अशा कड्याच्या टोकावरही ती आरामात उभी. आमचे आबा, म्हणजे माझे आजोबा, दर कार्ड हातभर लांब धरून बघत आणि म्हणत की फौजेत शेळ्या पाळतात हे आपल्याला माहीत नव्हतं. पुढे पुढे ते हीच गोष्ट बाजारात लोकांना खात्रीने सांगू लागले. पहाडात म्हैस चढत नाही, म्हणून फौजेला शेळीचं दूध लागतं, असं त्यांनी त्याला कारणही शोधून काढलं होतं. भोकरदनच्या बाजारातली निदान दहा-बारा माणसं तरी हे शेवटपर्यंत खरं मानून गेली असतील.

आमचा मळा भोकरदनपासून दीडेक मैलावर. तीन खणांचं माळवदाचं घर, पुढे अंगण, अंगणाच्या कडेला गोठा, आणि गोठ्याच्या या टोकाला खुंट्याला बांधलेली खरी शेळी. चित्रातली शेळी काही आकाशातून पडलेली नव्हती. ती गयाकाकूची होती. काकूचं माहेर शहागडचं, गोदावरीच्या काठचं. लग्नात तिच्या बापाने आंदण म्हणून भांडी दिली आणि वर ही शेळी दिली. मालट्रकमधून वऱ्हाड परत आलं, तेव्हा नवरा-नवरी, करवल्या, हंडे-कळश्या आणि शेळी असे सगळे एकाच ट्रकात होते. मळ्यापाशी उतरताना शेळीने फाळक्यावरून उडी घेतली, शिंग साखळीत अडकलं आणि कडकन मोडलं. काकू शालूसकट तिच्या गळ्यात पडून रडायला लागली. बायकांना वाटलं, पोर माहेरासाठी रडतेय, म्हणून त्यांनीही पदर डोळ्यांना लावले. फक्त काका पुढे झाला, त्याने अंगावरचीच हळद खरवडून शिंगाच्या बुडाला दाबली आणि बायकोशी आयुष्यातलं पहिलं वाक्य बोलला, की दुसरं शाबूत हाय. हे काकू आजही सांगते आणि सांगताना आजही पदर तोंडाला लावते.

काकाचा हात पहिल्यापासून चित्राचा होता. पंचक्रोशीत लग्न निघालं की दाराच्या दोन अंगांना हत्ती, भालदार आणि मोर काढायला त्याला बोलावणं यायचं. चुना, काव आणि नीळ एवढ्या तीन रंगांत तो भिंतीवर अख्खी मिरवणूक उभी करायचा, आणि हत्तीच्या डोळ्यात नवरीच्या बापाची चिंता उतरायची असं लोक म्हणत. जालन्याला भरती निघाली तेव्हा तो सहज बघायला म्हणून गेला आणि छाती मोजून घेऊन परत आला. फौजेने त्याला खेचरांच्या तुकडीत घातलं. खेचराच्या पाठीवर पीठ, तेल, बटाटे आणि कधी दारूगोळा लादायचा आणि वर पोचवायचा, हे त्याचं काम. आबांना ते सांगायला जरा कमीपणा वाटे, म्हणून ते लोकांना नुसतं सरहद्दीवर हाय म्हणत.

लग्नानंतर त्याचं पहिलं पत्र आलं ते मात्र अक्षरांत होतं, आणि तिथेच घोटाळा झाला. काकू शाळेची पायरी चढलेली नव्हती. आबांचं शिक्षण निजामाच्या काळातलं, उर्दूतलं. मराठी ते ओळीखाली बोट फिरवत, एकेक शब्द दोनदा म्हणत वाचायचे, आणि तेही बांधापलीकडच्या माणसाला ऐकू जाईल अशा आवाजात. घरातली सगळी माणसं, वर शेजारच्या मळ्यातली पाच-सहा, अंगणात गोळा झाली. खुशाली झाली, पिकापाण्याची चौकशी झाली, आणि शेवटी एक ओळ आली की गयाला सांगा, इथं थंडी लई हाय आणि तिची याद येते. आबांनी ती रीतीप्रमाणे दोनदा वाचली आणि मग मान वर करून सगळ्यांना विचारलं, "कोणाची याद येते?" काकू चुलीपाशी पळाली. त्या दिवशीच्या येसराच्या आमटीत मीठ तीनदा पडलं आणि सगळ्यांनी ती तशीच ओरपली. पुढच्या सुट्टीत काका आला तेव्हा हे त्याच्या कानावर गेलं असणार, कारण त्यानंतर त्याने पत्रात शब्द असे लिहिलेच नाहीत. पत्त्याच्या बाजूला दोन ओळी, आबांना नमस्कार, मी खुशाल. आणि मागे चित्र.

आता शेळीचं सांगून टाकते, नाहीतर पुढचं कळायचं नाही. ती शेळी म्हणजे काकूचं पत्र होतं. हे त्या दोघांनी सुट्टीत ठरवलं होतं आणि घरात दुसऱ्या कुणालाही ठाऊक नव्हतं. शेळी उभी असली तर काका धड आहे. बसलेली असली तर काहीतरी दुखतंय. खुशाल तर सगळेच लिहितात, ताप असला तरी लिहितात. खरं काय ते शेळीकडे बघायचं. एकदा बसलेली शेळी आली होती आणि काकूने महिनाभर शनिवार धरले. नंतर कळलं की काका तेव्हा वीस दिवस हिवतापाने पडून होता. अख्खं घर त्या कार्डाकडे बघून शेळी दमलेली दिसते म्हणून हसलं होतं. सगळ्यांच्या डोळ्यांदेखत, आबांच्या हातात, पोस्टमास्तरच्या टेबलावर ते नवरा-बायको एकमेकांशी बोलत होते. मी पुढे चाळीस वर्षं पोरांना चित्रकला शिकवली, पण इतकं कामाचं चित्र कुणी काढलेलं मी पाहिलं नाही.

पुढे एका थंडीत लढाई लागली. ज्वारी हुरड्यात आली होती, आगटीवर कणसं भाजली जात होती, आणि आगटीभोवती लसणाच्या ठेच्याबरोबर लढाईच्या खबरा चाखल्या जात होत्या. आबांचा रेडिओ कोनाड्यात काकूने शिवलेल्या झबल्यात असायचा. सेल उतरू नये म्हणून तो फक्त बातम्यांपुरता काढायचा, आणि बातम्याही उर्दूच. दुश्मन पसपा झाला, असं आबा मोठ्याने म्हणायचे, मग आम्हा अडाण्यांकडे बघून, म्हंजी मागं हटला, असा उलगडा करायचे. माझे अण्णा, म्हणजे वडील, हुरडा चोळता चोळता थांबायचे. काकू मात्र चुलीपाशी भाकरी थापत बसलेली असायची आणि तिच्या थापण्याचा आवाज एकदाही चुकायचा नाही. तिला रेडिओची गरज नव्हती. दहा-पंधरा दिवसांनी कार्ड यायचं आणि शेळी उभी असायची.

आणि कार्डांवर लढाई अशी नव्हतीच. एकावर जवान बाटलीने चपात्या लाटत होता. एकावर खेचराच्या अंगात स्वेटर होता आणि त्याचा माणूस शेजारी कुडकुडत उभा होता. एकावर झाडाखाली न्हावी बसलेला, समोर जवानांची रांग, आणि रांगेत सगळ्यात शेवटी शेळी, आपलीही दाढी करायची असल्यासारखी. आबा वैतागायचे. पोरगं लढाईला गेलंय का कोणाच्या लग्नाला, असं म्हणायचे. माझंही मन आबांच्याच बाजूचं होतं. मला दहावं सरून अकरावं लागलं होतं, चित्रं मी बऱ्यापैकी काढायचे, आणि माझा काका तोफा सोडून चपात्या का काढतो हे मला कळत नव्हतं.

मळ्यापर्यंत पोस्टमन येत नसे. मळ्या-वस्त्यांवरच्या पोरांचं टपाल तो मधल्या सुट्टीत शाळेतच वाटायचा. नावं पुकारायचा आणि आम्ही दप्तरातून घरी न्यायचो. त्यामुळे काकाचं कार्ड घराआधी माझ्या वर्गाला दिसायचं. वर्गातल्या फळ्याशेजारी गुरुजींनी वर्तमानपत्रातली चित्रं कापून लावली होती, त्यात विमानं होती, रणगाडे होते, आणि ज्यांच्या घरचं कुणी फौजेत आहे त्यांनी काही असेल तर आणावं असं सांगितलं होतं. माझ्याजवळ तर खुद्द लढाईतून आलेली चित्रं होती, पण शकुंतला नावाची माझ्या बाकावरची पोरगी, जिच्या बापाचं भोकरदनात कापडाचं दुकान होतं, तिने एक कार्ड बघून सगळ्यांसमोर विचारलं की तुझे काका लढाईला गेलेत का शेळ्यांच्या बाजाराला. वर्ग हसला. मीही हसले, कारण न हसून सांगते कुणाला. पण ते मला लागलं, आणि त्याचा राग मी काकावर नाही तर शेळीवर धरला.

पुढचं कार्ड आलं त्यात दोन जवान उलट्या खोक्यांवर बसून सुईत दोरा ओवत होते. एकाने सुई धरली होती, दुसऱ्याने दोरा ओला करून डोळा बारीक केला होता. चित्र अतिशय सुंदर होतं, हे मला आज कळतं. तेव्हा मला फक्त उजवीकडची शेळी दिसली. नेहमी ती अंगठ्याच्या नखाएवढी असायची. या वेळी बांधावर चांगली टोलेजंग उभी होती, जवानांपेक्षा मोठी. शकुंतलाचं अजून लक्ष गेलं नव्हतं. माझ्या दप्तरात पाण्यात गोळी विरघळवून केलेल्या शाईची दौत आणि टाक होता. मधली सुट्टी संपायच्या आत मी शेळीचा रणगाडा केला.

सोपं होतं हो. पाठ सरळच होती, तिच्यावर पेटी बसवली. चार पायांच्या मधल्या जागेत चाकं भरली आणि वरून पट्टा ओढला. मान लांबवून तिची नळी केली. दाढीचं काय करावं कळेना, म्हणून तिचा धूर केला. मग सगळं शाईने भरून काळंनिळं करून टाकलं. गुरुजींनी कार्ड बघितलं, चष्मा वर केला, आणि फळ्याशेजारी मधोमध लावलं. बघा, आपल्या भोकरदनच्या जवानाने खुद्द रणांगणातून काढलेलं, असं म्हणून त्यांनी वर्गाला टाळ्या वाजवायला लावल्या. शकुंतलानेही वाजवल्या. शाळा सुटेपर्यंत कार्ड तिथे राहिलं आणि मग मी ते पुस्तकात घालून घरी आणलं. शाई कधीच वाळली होती.

घरी आबांचा आनंद बघण्यासारखा होता. अखेर लढाई काढली पोरानं, म्हणत त्यांनी कार्ड शेजारच्या मळ्यापर्यंत फिरवून आणलं. रणगाड्यापुढे बसून हे दोघं बिनधास्त सुई ओवून राह्यलेत म्हणजे काय काळीज असेल, असा अर्थही त्यांनी लावला. काकूच्या हातात कार्ड सगळ्यांत शेवटी आलं. तिने ते बघितलं, उलटं केलं, पत्त्याची बाजू बघितली, परत सुलटं केलं. मग तिने मला विचारलं की एवढं एकच आलं का, दुसरं कुठं पडलं तर नाही. मी नाही म्हणाले. तिने कार्ड कोनाड्यात ठेवलं आणि तव्यावरची भाकरी उलटायला गेली. ती भाकरी करपली. आमच्या घरात काकूची भाकरी करपलेली मी तेव्हा पहिल्यांदा पाहिली.

दुसऱ्या दिवसापासून काकूचं बोलणं बंद झालं. धार काढताना ती शेळीशी गप्पा मारायची, अगदी गावच्या कुटाळक्या सांगायची. आता नुसता चरवीत दुधाचा आवाज यायचा. भाकरी पुढ्यात आली की पोट दुखतंय म्हणून उठायची. माझी माय हे सगळं बारकाईने बघत होती आणि तिने आपल्या अक्कलहुशारीने अर्थ लावला. काका सुट्टी संपवून जाऊन तीन महिने झाले होते, सून जेवत नाही, तोंड उतरलंय, म्हणजे घरात पाळणा हलणार. तिने ते अण्णांना सांगितलं, अण्णांनी आबांना, आणि दोन दिवसांत घरात असा उत्साह आला की विचारू नका. आबा बाजारातून गूळ-खोबरं घेऊन आले. माय काकूच्या हातात चिंचा कोंबायला लागली. काकू चिंच हातात धरून तशीच बसायची. एका बाजूला माणसं बारशाची नावं काढत होती आणि दुसऱ्या बाजूला ती बाई मनातल्या मनात कुंकू पुसायच्या तयारीला लागली होती, आणि मधे मी, सगळ्याला कारण, खुशाल गूळ-खोबरं खात होते.

पाचव्या दिवशी रविवार होता बहुतेक, शाळा नव्हती. काकूने मला भोकरदनला सोबत चल म्हणून सांगितलं. घरात तिने बांगड्या भरायच्यात असं सांगितलं होतं, पण बांगड्यांच्या दुकानावरून ती सरळ पुढे गेली आणि पोस्टाच्या मागे पोस्टमास्तरच्या बिऱ्हाडासमोर उभी राहिली. तोंडावर पदर ओढून तिने माझ्याकडून विचारवलं की मळ्याचं एखादं कार्ड चुकून राहिलंय का. मास्तर भले होते, त्यांनी पोस्ट उघडून बघितलं. नव्हतं. तार काही आली का, असं तिने विचारायला सांगितलं तेव्हा त्यांनी तिच्याकडे नीट बघितलं आणि नाही, तार नाही, असं हळू आवाजात सांगितलं.

परत येताना अर्ध्या वाटेवर एक बाभूळ होती, तिच्या बुडाशी ती मटकन बसली. मला वाटलं, मायनं सांगितलं तेच, बाळाचं काहीतरी. मी पाणी आणू का विचारलं. ती नको म्हणाली आणि माझा हात धरून ठेवला.

"सुमे, तू चित्रं काढतीस म्हणून तुला सांगते. कोणाला बोलू नको," ती म्हणाली. "त्यायनं या डावाला शेळी न्हाई काढली."

मग तिने मला सगळं सांगितलं, उभ्या शेळीचं आणि बसलेल्या शेळीचं. आणि शेळीच नसली तर, असं तिने सुट्टीत काकाला विचारलं होतं तेव्हा तो म्हणाला होता की तसं कधी होणार नाही, हात असेतोवर शेळी येईल. म्हणजे आता हात तरी गेला, नाहीतर माणूसच. अक्षरं लिहिलीत ती दुसऱ्या कोणीतरी लिहून दिली असतील, असंही तिने पाच दिवसांत स्वतःशी ठरवून टाकलं होतं. चित्र दुसऱ्या कुणी काढलं असेल, म्हणून त्यात तो रणगाडा.

गप्प राहायचं माझ्या मनात येऊन गेलं हे मी कबूल करते. पुढच्या कार्डावर शेळी येईलच, आपोआप मिटेल. पण काकूने हात सोडला नव्हता, आणि तो हात गार पडला होता.

"शेळी हाय, काकू," मी म्हणाले. "म्या तिच्यावर रणगाडा काढला."

तिला ते एकदा सांगून कळलं नाही. मी परत सांगितलं, शकुंतलापासून दाढीच्या धुरापर्यंत. ती उठली आणि चालायला लागली, मग चालणं सोडून धावायलाच लागली, लुगडं आवरत, आणि मी मागून दप्तर नसताना दप्तर सावरल्यासारखी. घरी सगळे आगटीपाशी होते. ती सरळ कोनाड्यापाशी गेली, कार्ड घेतलं आणि गोठ्यात नेलं. तिथे शेळीच्या पाण्याचं घमेलं होतं. तिने पदराचं टोक त्यात भिजवलं आणि रणगाड्यावर टेकवलं.

गोळीची शाई पाण्याने जाते. शिसपेन्सिल जात नाही. हे मी नंतर शेकडो पोरांना शिकवलं, पण स्वतः शिकले ती त्या गोठ्यात. आधी नळी फुगली आणि वाहून गेली. मग चाकांचा निळा चिखल झाला. काकू टिपत होती, पिळत होती, परत टिपत होती, पदर निळा झाला, बोटं निळी झाली, आणि त्या निळ्या ढगातून आधी एक अख्खं शिंग वर आलं, मग एक मोडकं. मग पाठ. मग पाय, चारही सरळ, जमिनीवर रोवलेले. शेळी उभी होती. इतकंच नाही, तिने मान वळवून मागे बघितलं होतं. त्याचा अर्थ काय ते काकूने मला सांगितलेलं नव्हतं आणि तेव्हाही सांगितलं नाही, पण ती निळ्या पदराने तोंड झाकून जी हसली त्यावरून मला आबांनी दोनदा वाचलेली ती ओळ आठवली.

हसून झाल्यावर तिने माझ्या पाठीत एक सणसणीत धपका घातला. मग मला जवळ ओढून रडली, आणि मग उठून आत गेली आणि ठेच्याबरोबर तीन भाकरी खाऊन आली. माझी मायही खूश झाली, आता चवीनं खाते म्हणाली, आणि आठेक दिवसांनी पाळणा हलणार नाही हे कळल्यावर फार हिरमुसली. आबांना आम्ही कार्डावर पाणी सांडलं एवढंच सांगितलं. पोरानं एकदाची लढाई काढली होती आणि तीच नेमकी पुसली गेली, याचं दुःख त्यांना पुढची कित्येक वर्षं होतं.

काका उन्हाळ्यात आला. लढाई केव्हाच संपली होती आणि घरच्या शेळीला दोन करडं झाली होती, दोन्ही पाटी. लोकांनी त्याला लढाईचं विचारलं की तो खेचरांचं सांगायचा, कुठलं चावतं आणि कुठलं लाथ मारतं, आणि लोक कंटाळून उठून जायचे. काकूने त्याला निळं कार्ड दाखवलं असणार, कारण एके दिवशी दुपारी तो ते घेऊन माझ्याकडे आला. मी बांधावर चिंचेखाली चित्र काढत बसले होते. टाकाचे ओरखडे कागदावर राहिले होते, त्यावर बोट फिरवून तो म्हणाला की नळी फार लांब झाली, इतकी लांब असती तर रणगाडा तोंडावर पडला असता. मी खाली मान घालून बसले. मग तो म्हणाला, "पण जागा बराबर धरली तू."

मला कळलं नाही. तो माझ्या शेजारी उकिडवा बसला.

"तिथंच व्हता," तो म्हणाला. "उजव्या अंगाला, बांधावर. जळालेला. आमी इकडं सुई ओवत बसल्तो आन् तो तिकडं दोन दिवस धुमसून राह्यल्ता."

मी विचारलं की मग तू शेळी काहून काढली. त्याने माझ्या हातातली पेन्सिल घेतली, तिचं टोक बघितलं आणि खिशातल्या ब्लेडने ते तासायला लागला. तासून झाल्यावर म्हणाला, "काही तरी काढावं तर लागतं ना त्या जागी. जागा मोकळी सोडली तर तिकडंच नजर जाती."

एवढं बोलून त्याने मला शेळीपुढे बसवलं आणि तिचा मागचा पाय कसा धरायचा ते शिकवलं, कारण माझी सगळी जनावरं टेबलासारखी उभी राहतात असं त्याचं म्हणणं होतं. माझं चित्रकलेचं शिक्षण खरं त्या दुपारी सुरू झालं. ती दोन वाक्यं मी काकूला सांगितली नाहीत. सांगू नको असं काका म्हणाला नव्हता, तरी नाही सांगितली.

काका जाऊन आता काही वर्षं झाली, म्हातारा होऊन, आपल्या अंथरुणात, नातवंडांना हत्ती काढून देता देता. नऊ कार्डं माझ्याकडे आहेत. मागच्या दिवाळीआधी ती जुन्या जालन्यात एका फ्रेमवाल्याकडे नेली, तर तो म्हणाला, बाई, हे निळं खराब झालेलं सोडून द्या, आठांची छान मांडणी बसते. मी म्हटलं, ते मधोमध लावा. आता ती माझ्या बैठकीत आहेत आणि येणारे-जाणारे चपात्या बघतात, न्हावी बघतात, हसतात. मी शेळ्या बघते. खेचरांच्या रांगेत तिसऱ्या जागी शेळी आहे. तिथे कुठलं खेचर असेल. न्हाव्यापुढच्या रांगेत शेवटी ती उभी आहे. तिथे आधी कोण बसत असेल. बसलेल्या शेळीच्या कार्डापुढे मी जास्त वेळ उभी राहत नाही.

काकू ऐंशीच्या पुढे आहे. दोन्ही डोळ्यांची ऑपरेशनं झाली तरी तिला बारीक दिसत नाही. माझ्याकडे राहायला आली की पहिल्यांदा फ्रेमपुढे जाते, काचेवर बोट टेकवते आणि निळ्या कार्डाशी थांबते.

"उभी हाय का गं?" ती विचारते.

"उभी हाय, काकू."

"मंग चहा ठेव," ती म्हणते, आणि बूड टेकायला खुर्ची शोधते.